पुढच्या चाकांचे पॅड

ब्रेक दाबला की बारीक किंचाळी यायची,
पाटीवर पेन्सिल उभी धरल्यासारखी.
दस्तगीरने चाक उतरवलं, आत दोन बोटं घातली,
म्हणाला, आतला पॅड संपलाय मॅडम, बाहेरचा अजून निम्मा आहे.
पिन जाम झालीय. दाबता तुम्ही, सोसतो एकटा आतला.
ग्रीस मी लावतो, पॅड तुम्ही आणा.
बघून आणा, हां.

काय बघून, ते त्याने सांगितलं नाही.

बिराजदार ऑटोत दुपारचे दोन,
शटर अर्धं खाली,
बाहेर डांबर चपलेला धरून ठेवतंय.
मल्लिनाथने काचेवर तीन डबे मांडले
साड्या दाखवाव्यात तसे, स्वस्तातला आधी.
हा साडेचारशे. चालतो की. आवाज करेल थोडा.
हा अकराशे, कंपनीचा, होलोग्राम बघून घ्या,
हल्ली होलोग्रामपण दोन नंबरचा येतोय म्हणा.
हा सिरॅमिक, एकोणीसशे. धूळ नाही, आवाज नाही.
अल्टो कितीची तुमची? अकराची?
मग तो गप्प झाला,
एकोणीसशे आणि माझी गाडी मनात शेजारी उभी करून बघितली
आणि बोट मधल्या डब्यावर ठेवलं.

नाना स्टुलावर बसून होते.
एकतीस वर्षं जॉबर, अशोक चौकामागच्या शेडमध्ये, चोवीस लूम.
ती किंचाळी त्यांनी कधी ऐकलेलीच नाही.
खडखडाटाने वरचे सूर केव्हाच नेले,
जाड तेवढे उरले: ट्रक, ढोल, मी चिडल्यावर.
गाडीत ते तळहात डॅशबोर्डवर टेकवून बसतात
आणि म्हणतात, डावीकडं ओढतंय.

त्यांनी तिन्ही डबे उघडायला लावले.
होलोग्राम बघितला नाही. वास घेतला.
कडेला नखानं खरवडलं.
साडेचारशेवाल्याची भुकटी नखात आली,
ती त्यांनी बिलबुकावर झटकली.
सिरॅमिक नको, म्हणाले, थंड असताना धरत नाही.
सोलापुरात थंड असतंय कधी, मल्लिनाथ हसला.
नाना हसले नाहीत, ऐकू गेलं नसावं.

मग मोठ्यानं, स्वतःचा आवाज न कळणाऱ्या माणसासारखे, बोलले:
आमच्या लूमलापण ब्रेक असतोय. अशीच पट्टी, तपकिरी.
धागा तुटला की तिथल्या तिथं थांबायला पाहिजे लूम,
एक फेरा पुढं गेला की चादरीत पट्टा पडला.
मालक म्हणायचा, नरसय्या, स्वस्तातली आण.
मी आणायचो.
पट्टा पडायचा. दंड विणणाऱ्याला.
अंबादासचे एकदा चोवीस रुपये कापले,
मी समोर उभा होतो, हातात पाना होता.

मल्लिनाथने अकराशेचं बिल केलं.
न मागता पन्नास कमी केले.

दस्तगीर म्हणाला, पहिले दोनशे किलोमीटर जोरात दाबू नका,
बसू द्या त्यांना.
म्हणून संध्याकाळी होटगी रोडला,
साठवर नेऊन हळूहळू वीसवर,
परत साठ, परत वीस,
मागचा रिक्षावाला शिवी देऊन पुढं गेला.
आवाज गेला नाना, मी ओरडून सांगितलं.
कुठला, ते म्हणाले.

पुढं एका बाभळीपाशी त्यांनी डॅशबोर्डवरचा हात उचलला.
आपु, म्हणाले. घरातल्या तेलुगूत, थांबव.
गाडी थांबली, सरळ, नाक न वळवता.
ते उतरले, दोन्ही चाकांपाशी आळीपाळीनं वाकले,
हात न टेकवता, तव्याची बघतात तशी धग बघितली.
सारखं तापलंय, म्हणाले.

आत येऊन बसले. सीटचा पट्टा विसरले,
मी हात लांब करून तो त्यांच्या खांद्यावरून ओढला,
खटका बसेपर्यंत ते बाभळीकडं बघत राहिले.
चोवीस रुपये, म्हणाले.
तेव्हाचे.