दोन पुंजाराम

कांद्याचं अनुदान पडलं
पुंजाराम सयाजी गांगुर्डेच्या खात्यावर.
पण हा पुंजाराम कळवणचा, मेंढरांमागे फिरणारा,
कांद्याशी ओळख भाकरीपुरती.

चांदवडचा पुंजाराम
सातबारा, सौदापट्टी, पासबुकाची झेरॉक्स घेऊन
चार महिने एकाच खिडकीशी.
आतून एकच :
‘रक्कम अदा झालेली आहे.’

मग एका बुधवारी
एसटीतून कुणी अनोळखी उतरला,
विचारत विचारत कांदाचाळीपाशी आला.
रुमालाची गाठ सोडली, नोटा ठेवल्या.
‘येण्याजाण्याचे कापलेत,’ म्हणाला,
आणि येतानाचं तिकीट दाखवलं.

दोघांनी मोजलं. पुन्हा मोजलं.
‘मधलं नाव पण सयाजीच?’
‘सयाजीच.’
घरातून चहा आला, साखर जरा जास्तच.

खिडकीतला तो कागद
शिक्क्यासकट अजून खिशात आहे.
खोटा म्हणता येत नाही आता.