तळचं पाणी

निवतीला भर मे महिन्यात पाणी चावलं,
कोल्हापूरची पोरं किंचाळत बाहेर आली.
वाळूवर तर पाय ठरत नव्हता.

मी बादली बुडवली, थर्मामीटर सोडला.
काल तीस. आज सव्वीस.
आकडा लिहिला, खोडला, पुन्हा मोजला,
सव्वीसच.

रवळू कुबल रापणीचा दोर गुंडाळत होता.
"तीन दिस वारो किनारो धरून सुटलो हा.
वरचा पाणी भायर गेला,
मगे जागा काय रिकामी रवतली?
खालचा वर इला."

माझ्या पुस्तकात याला दोन पानं लागतात,
शिवाय पृथ्वीचं फिरणं.

पाणी हिरवट दिसत होतं, शेवाळी वासाचं.
"आता पेडवे येतले," तो म्हणाला,
दोराचा वेढा पुरा झाल्यावर,
"कधी कधी नाय पण येत."

मग गुडघाभर आत जाऊन
नुसता उभा राहिला,
ओळखीच्या घरी चपला काढून उभं राहावं तसा.

मी पुन्हा बादली उचलली.
"रव गे जरा.
किती वर्सांनी वर इला ता, कोणाक ठावक.
ऊन खावंदे तेका."