उष्टावण

शेफिल्डच्या चढावर, बागेसमोरच्या इस्पितळात
मिस्टर हॅडोंनी हात पुसायच्या कागदावर
दोन रेघा काढल्या.
इथे सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत. मी दोनदा चुकलो.
चौथ्या आठवड्यात, म्हणाले, नळी एकच असते,
मग तिची वाटणी होते:
पुढची वाऱ्याला, मागची अन्नाला.

वाटणी म्हटल्यावर मला लगेच कळलं.
काकांनी वीतभर बांध सरकवला
तेव्हा आमचा पाट असाच मध्येच बुजला होता,
आणि खालचा तुकडा
जाऊन मिळाला होता त्यांच्या विहिरीला.

शाल्मली तेव्हा नऊ तासांची.
ओठांवर फेस, बुडबुडे,
आणि आवंढा गिळायला पुढे वाटच नाही.
तिच्या वाटचे आम्ही गिळत होतो.

मधलं अंतर साडेचार मणके.
अंतर मणक्यांतही मोजतात.
श्वासनलिकेला चिकटलेलं तोडलं,
पोटाला एक भोक, गळ्याला एक,
बाकीचं नंतर. आधी तिला वाढू दे.
वाढू दे, हे मराठी मी मनात केलं.
पान मांडून बसलेल्या माणसासारखा
कितीतरी वेळ मग
त्या एका शब्दापाशीच बसून राहिलो.

सहाव्या महिन्यात वैदेहीने
तांदळाची खीर केली, दोनदा गाळली, जायफळ किसलं.
उष्टावणाला मामा लागतो.
मामा सांगलीत, फोनच्या काचेत.
म्हणून घरी येणारी नर्स मॉरीन मामा झाली.
ती शाल्मलीला 'डक' म्हणते, मलाही म्हणते.
बदकंच सगळी.

अंगठी जिभेला लागली.
शाल्मलीने डोळे बारीक केले, ओठ चाटले,
गिळलं.
आणि खीर गळ्याच्या डाव्या बाजूने
पांढऱ्या पट्टीवर आली, जायफळासकट.
त्याच वेळी मी सिरिंज उंच धरून
नळीतून दूध पोटात सोडत होतो,
म्हणजे तोंडाची आणि पोटाची
निदान ओळख तरी राहील.

खाल्लं का, मामा विचारत होता, खाल्लं का गं?
खाल्लं, वैदेही म्हणाली.
मी पट्टी बदलली.

अकराव्या महिन्यात जठरच वर ओढून घेतलं.
आता ती छातीत जेवते.

तीन वर्षांची झाली. खोकते ती भुंकल्यासारखी.
ट्राममध्ये लोक सीटखाली कुत्रा शोधतात,
आणि ती पण वाकून शोधते.

काल चिप्स घेतल्या, वर हेंडरसन्सचा काळा सॉस.
अर्धी चिप चावून
उरलेली तिने माझ्या तोंडात कोंबली.
रोज तिला म्हणतो ते सगळं, त्याच क्रमाने, मला म्हणाली:
बारीक चाव. घाई नाही. पाणी पी.
आता गिळ, बाबा.

मला जरा वेळ लागला.