पावणेतीन तासांचा देश

सोहारला ड्रायव्हिंगच्या मैदानात
चार ड्रम उभे असतात, पिवळे, पोचे आलेले.
त्यांच्यामधून गाडी उलटी घालायची.
तीनदा घातली. तीनदा ठण्ण.
उस्ताद खल्फान दार उघडून उतरतो,
ड्रमवर हात ठेवतो, लागलं का विचारल्यासारखा,
आणि मला म्हणतो, बाकिर. उद्या.
उद्या म्हणजे दीड महिन्याने.

म्हणून रात्री मी गेम खेळतो.

जुना कन्सोल, फलजच्या एका पोराने विकलेला,
कंट्रोलरचं डावं बटण दोनदा दाबावं लागतं.
खोलीत चार खाटा, एक टीव्ही
आणि टीव्हीत अख्खा देश:
या टोकापासून त्या टोकाला जायला
घड्याळ लावून पावणेतीन तास.
डोंगर, कालवे, बर्फ, उसासारखं काहीतरी,
आणि प्रत्येक रस्ता माझ्या बापाचा.

गेम तसा गचाळच, खोटं कशाला बोलू.
झाडं उशिरा येतात,
आपण वळणावर पोचलो की घाईघाईने उगवतात,
हजेरीला धावत आलेल्या कामगारांसारखी.
पाऊस पडतो, काच कोरडी.
हॉर्न म्हणजे वासरू हंबरतंय.
सगळ्या गाड्यांत एकच माणूस,
निळा शर्ट, बारीक मिशी.
मी ठोकतो, तो उतरत नाही, आईबाप काढत नाही,
समोर बघत बसून राहतो.
एका गावात बस हवेत उभी आहे
जमिनीपासून पुरुषभर वर.
तिच्या सावलीत मी रोज गाडी लावतो.

एकदा तर पुलावर रस्ताच फाटला.
मी खाली गेलो, खाली, आणखी खाली,
तिथून वर पाहिलं तर
नद्यांचे तळ, घरांची पोकळ पोटं,
डोंगर आतून टोपल्यांसारखे रिकामे.
शाजीचा घास हातात राहिला.
मग गेमने मला उचललं
आणि अलगद रस्त्यावर ठेवलं.
गाडीला ओरखडा नाही. दंड नाही.
बाकिर नाही.

तौफीक पारकर हे बघतो आणि हसतो.
दापोलीकडचा. एकवीस वर्षं ट्रेलर ओढतोय,
बंदर ते बुरैमी, बुरैमी ते बंदर.
काटा ऐंशीच्या वर गेला की डोक्याशी यंत्र कोकलतं
आणि पगारातून पाच रियाल उडतात.
दिवसभर तेच करून आल्यावर, म्हणतो,
कोण रे पुन्हा स्टीअरिंग धरेल.
तरी खाटेवरून आवाज येतोच:
इंडिकेटर दे.
अरे इंडिकेटर दे मेल्या, मागे माणसं आहेत.
मागे तोच निळा शर्ट.

गेल्या गुरुवारी त्याला झोप लागेना.
कंट्रोलर मागितला.
आधी सीटबेल्ट शोधला. म्हटलं, नाही यात.
आणि निघाला. साठने.
साठने! ज्या देशात मी
दोनशेच्या खाली कधी आलो नाही.
कंटाळून उठणार होतो
तेवढ्यात डाव्या हाताला दिसलं,
कोणाच्या तरी गॅलरीत दोरीवर कपडे,
त्यात लहान मुलाचा मोजा, एकच,
वाऱ्याने हलणारा.
पुढे बंद दुकानाच्या पायरीवर मांजर,
गाडीमागे मान वळवणारी.
फुटपाथवर खडूने आखलेली लंगडीची घरं,
तिसऱ्या घरात खापरी.
चारशे तास मी इथून गेलोय.
कोणी बसवली असेल ती खापरी तिथे,
कुठल्या ऑफिसात, किती वाजता.

मग चौक आला. रिकामा. सिग्नल लाल.
पारकर थांबला.
तो सिग्नल मला ठाऊक आहे,
पहिल्या दिवसापासून बिघडलेला,
हिरवा होतच नाही.
पारकरने हात मांडीवर ठेवले,
बुरैमीच्या नाक्यावर ठेवत असेल तसे.
बाहेर एसी गळत होता, पत्र्यावर थेंब, थेंब.
शाजी घोरत होता.
मी काही बोललो नाही.
टीव्हीचा लाल उजेड चारही खाटांवर.