तीस दिवसांचा रखवालदार

रुसे शहरात, डॅन्यूबच्या काठी,
चाळीस वर्षं मी कुलपं उघडली,
स्वतःची कमी, लोकांची जास्त.
आता मुलीनं मागे ठेवलेला संगणक
स्वयंपाकघरात, मिरच्यांच्या बरणीशेजारी.
वरच्या मजल्यावरचा कामेन म्हणाला,
स्पासकाका, दार सताड उघडं आहे तुमचं.
मला म्हणाला हे. मला!

तर एक रखवालदार उतरवून घेतला.
तीस दिवस फुकट, मग पैसे भरा, नाहीतर तो निघाला.
एकतिसाव्या दिवशी आपोआप उघडणारं कुलूप
मी आजवर हातात धरलं नव्हतं.

पहिल्या रात्री त्यानं झडती घेतली.
एक लाख चौदा हजार फायली.
मी चहा केला, प्यायलो, कप विसळला,
तो अजून रुम्यानाच्या फोटोंपाशीच.
वर्नाचा समुद्र, तिची पिवळी टोपी,
एकेक फोटो उलटा करून बघत होता
मागे कुणी दडलंय का.
पंखा धापा टाकत होता म्हाताऱ्या कुत्र्यासारखा.
म्हटलं, कुंपणच शेत खाणार की काय.

दुसऱ्या दिवशी परीक्षा.
नवं कुलूप आलं की आधी मीच फोडून पाहायचो,
गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी.
कामेननं खोटा चोर आणून दिला,
दात काढलेला, याच कामासाठी घडवलेला.
उंबरठ्यावर पाय पडतो न पडतो
तोच लाल चौकट, आणि टुंग.
खरं सांगतो, मी टाळी वाजवली.

लगेच दुसरा टुंग.

'किल्ल्या' नावाची फाईल.
सत्त्याण्णव साली मेहुण्याकडून शिकून
मी स्वतः लिहिलेला इवलासा प्रोग्राम:
कुठलं घर, कुठल्या खाचा, कितवी प्रत.
'निर्माता अज्ञात', तो म्हणाला. 'वागणूक संशयास्पद.'
आणि टाकली कोठडीत.
चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं,
तर चोरही धरलाच होता त्यानं.

अज्ञात कसा रे? हा काय बसलाय तुझ्यासमोर,
लोकरी बनियन घालून.

त्यानं विचारलं:
या फाईलवर तुमचा विश्वास आहे का?
हो. नाही. नंतर विचारा.

बोट 'हो'वर नेलं
आणि तिथंच अडकलं, गंजलेल्या खिट्टीसारखं.

अठ्ठ्याण्णवचा हिवाळा. गोदीमागची गल्ली,
तिसरा मजला. एक बाई म्हणाली,
कुलूप बदला, आत्ताच्या आत्ता.
मी म्हटलं, घराचे कागद?
कागद त्याच्या नावावर आहेत, ती म्हणाली,
आणि कोटाची बाही जराशी वर सरकवली.
मी बदललं. दोन किल्ल्या, दोन्ही तिच्या हातात.
पैसे घेतले नाहीत,
हे मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं.

आठवड्यानं तो दुकानात आला.
बूट पुसून आत आला. शुभ संध्या, उस्ताद.
किल्ली हरवली, एक नवीन करून द्या.
मी म्हटलं, घराचे कागद?
त्यानं मांडले. सही, शिक्का,
सगळं जागच्या जागी.

यंत्रावर पितळेचा भुगा पडतो ना
तो बोटांच्या रेषांत जाऊन बसतो,
साबणानं लगेच निघत नाही.

हे मी कुणालाच सांगितलं नाही.
फाईलीत आहे फक्त:
घर चौदा, तिसरा मजला, प्रत तिसरी.
तारीखही आहे. मी नीटनेटका माणूस.
पुढे काय झालं मला माहीत नाही.
त्या गल्लीतून जायचं मी टाळलं,
आणि रुसे काही फार मोठं शहर नाही.

कामेन जिन्यावरून ओरडला,
काय काका, चालतंय का?
चालतंय, म्हटलं. कान तिखट आहेत पोराचे— रखवालदाराचे.

'नंतर विचारा' दाबलं.
कोपऱ्यात बारीक अक्षरांत आलं:
अठ्ठावीस दिवस शिल्लक.
मी बरणीचं झाकण घट्ट केलं.
आधीच घट्ट होतं ते.