उगुइसूचा रंग

रेशमाचा ताका परत घेऊन
मोरिशिताबाई दारात उभ्या.
"हा कसला रंग? शेवाळलेल्या पायरीसारखा.
मी उगुइसू सांगितला होता."

तोकिए रंगारीण हात पुसत उठली.
नखांत नीळ,
कोपरापर्यंत कारियासू गवताचा पिवळा.
कानाझावातलं बर्फ अजून पुरतं वितळलेलं नव्हतं.
खिडकीबाहेर प्लमच्या फांदीवर
एक पोपटी पक्षी, फुलात चोच खुपसून.
"हा बघा! हा रंग," बाई म्हणाल्या.

तो मेजिरो. डोळ्याभोवती पांढरं कडं.
उगुइसू मागे, बांबूच्या जाळीत,
मळकट, खाकीकडे झुकलेला,
सगळ्यांनी ऐकलेला, क्वचितच कुणी पाहिलेला.
कधीतरी कुणीतरी कानावर पडलेला सूर
समोर दिसलेल्या पिसांना चिकटवून टाकला
आणि घरी जाऊन तसंच सांगितलं.

हे सगळं तोकिएच्या ओठांपर्यंत आलं होतं.
पण बाप म्हणायचा,
नाव कानाचं, रंग डोळ्याचा,
आणि पैसे गिऱ्हाइकाचे.
ती एवढंच म्हणाली, "गुरुवारी न्या."

नवा ताका घेतला.
नीळ नुसती दाखवली,
पिवळा पोटभर पाजला.
कोवळ्या कोंबासारखा तो दोरीवर फडफडला.
पावतीवर तिने तेच लिहिलं, उगुइसू,
अक्षर जराही न हलता.

जुना ताका तिने स्वतःसाठी शिवला.
तो किमोनो घालून
दर फेब्रुवारीत ती बांबूंजवळ जाऊन थांबते.
कुणालाच दिसत नाही.