शेवटची फेरी साडेतीनची

तिकीट फाडताना मी प्रत्येकाला तेच सांगतो:
तिकडे पाणी नाही. म्हणजे चहूकडे आहे, पिण्याजोगं नाही.
सावली नाही, संडास नाही, दुकान तर नाहीच.
जे न्याल ते परत आणा, केळ्याच्या सालीसकट.
शेवटची फेरी साडेतीनची. त्यानंतर डास.
लोक हसतात. डासांना हसू नये.

आज एकोणीस जण.
शार्लटहून आलेलं कुटुंब, त्यांच्या धाकट्यापेक्षा मोठा कूलर घेऊन,
दोन पक्षीवेडे, एकमेकांशी न बोलणारे,
कुणी हनिमूनवाले, सनस्क्रीन थापून पांढरेफटक,
आणि मिस ओलेटा, काखेत घडीची खुर्ची,
जिच्याकडून कॅप्टन थर्मन पैसे घेत नाही
आणि जी दर वेळी ते मोजून त्याच्या कॉफीच्या कपाखाली ठेवते.

खाडी उथळ आहे.
कॅरोलिनाच्या नकाशात जिथे बारा फूट लिहिलंय
तिथे बगळा उभा.
थर्मन नकाशा बघत नाही, बगळा बघतो;
त्याचे गुडघे दिसले की सुकाणू डावीकडे.

बेटाचा आधी आवाज येतो.
पलीकडच्या अंगाला समुद्र फुटत असतो,
शेजारच्या खोलीत कुणी सामान सरकवावं तसा.
सामानच सरकवतो तो.
वादळात पुढची वाळू उचलून मागे टाकतो,
आणि बेट कुशीवर वळत वळत
आमच्याकडे येत राहतं, वर्षाला चार-पाच हात.
हे बेट आपल्याला वादळापासून राखतं, असं शाळेत शिकलो.
राखणदार मागे सरतोय
हे पुस्तकात नव्हतं.

धक्का मागच्या सप्टेंबरात वाहून गेला.
आता सगळे चपला हातात धरून गुडघाभर पाण्यात उतरतात,
आणि उतरल्या उतरल्या आवाज खाली येतो प्रत्येकाचा.
चर्चमध्येसुद्धा आमच्याकडे इतकं हळू कुणी बोलत नाही.

मग दिवसभर काही घडत नाही.
त्यासाठीच तर येतात लोक.
खेकडे बिळातून निघतात, आपल्याला बघतात, बेत बदलतात.
पेलिकन ओळीने जातात, कामावर उशीर झालेले.
धाकट्याला एक शंख सापडतो, मग तीनशे.

साडेतीनला मोजले. अठरा.
परत मोजले. अठरा.
थर्मनने भोंगा दिला, घड्याळाकडे नाही, पाण्याकडे बघत:
ओहोटी लागलेली, आणखी वीस मिनिटं
की आम्हीही बगळ्यासारखे उभे.

मी पळालो. उंचवट्यावरचं गवत पोटऱ्यांना कापत होतं.
पलीकडे खुर्ची होती, रिकामी,
खुर्चीपुढे समुद्र,
समुद्रात कमरेइतकी मिस ओलेटा,
एक हात पुढे केलेला, मुठीत काही धरल्यासारखा.

ती सहा वर्षांची होती तेव्हा गाव उठलं.
काहींनी घरं पडावावर चढवून नेली. तिच्या बापाला जमलं नाही.
बेटाच्या मधोमध होतं ते, गोड्या पाण्याच्या विहिरीजवळ.
घर जागचं हललं नाही म्हणतात. बेट हललं.

मी हाक मारली. लाट आली, गेली. मग ती वळली.
"आले रे. स्वयंपाकघराचं दार लावत होते,
वाऱ्याने आपटत राहतं."

मी खुर्ची मिटली. झगा पिळत ती माझ्यापुढे चालली,
आणि एका जागी, जिथे नुसती वाळू होती,
पाऊल जरासं उचलून टाकलं तिने,
उंबरठा असावा.

परतताना कुणी काही विचारलं नाही.
धाकटा कूलरवर झोपला होता, मुठीत शंख.
कपाखाली नोटा, ओल्या.
वहीत लिहिलं: गेले एकोणीस, आले एकोणीस.
शेऱ्याचा रकाना कोराच ठेवला.

रात्री बुटांतून ओंजळभर वाळू निघाली.
न्यायच्या यादीत नव्हती, आली मात्र.
आई म्हणाली, बाहेर झटक.
झटकली.